फसलेला फोटो पाठवा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की चांगले फोटो पाठवू नका, ते तुम्ही स्टेटसला टाकताच, मला फसलेले पाठवा. आणि ते पण मूळ फाईल पाठवा, व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून टाकलेला नको, कारण ते फोटो दाबून लहान करतं आणि त्याच्या पोटातली माहिती, म्हणजे शटर किती होतं (पडदा किती वेळ उघडा राहिला), ॲपर्चर किती (लेन्सचं भोक किती, एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं), आयएसओ किती (कॅमेरा उजेडाला किती तिखट), फोकल लेन्थ किती (लेन्स किती लांबचं बघते, तो एमएमचा आकडा), ती सगळी पुसून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर राहते. बऱ्याच जणांनी ऐकलं, काहींनी नाही ऐकलं आणि सूर्यास्त पाठवले, छान आहेत, पण त्यांचं मी काय करू. ज्यांनी फसलेले पाठवले त्यांच्यातले काही घेतलेत.

प्रश्न : दादा, सोमवती अमावस्येला जेजुरीला गेलो होतो, पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन. पायऱ्यांवर काय उधळण चालली होती, समोरून बघताना अंगावर काटा आला पण घरी येऊन बघितलं तर सगळे फोटो पांढरट पिवळे, लोकांचे चेहरेच नाहीत. आणि आता झूम फिरवताना करकर आवाज येतोय. १८-५५ ची, कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स आहे. लेन्स खराब आहे म्हणून फोटो असे आले का? नवीन कुठली घेऊ? (बारामती)

उत्तर : नवीन काही घेऊ नकोस, थांब जरा. तुझा फोटो उघडला की पहिली ओळच सगळं सांगते. १८ एमएम, एफ ३.५, शटर १/४०००, आयएसओ १६००. आयएसओ १६०० भर दुपारी? बहुतेक आदल्या रात्री मुक्कामाला काहीतरी काढलं असशील आणि तो तसाच राहिला. आता जुन्या लोकांचा एक हिशोब आहे, कडक उन्हात एफ १६ ठेवायचं आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं, म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१००. तोच हिशोब तुझ्या आयएसओला आणि तुझ्या एफ ३.५ ला लावला तर शटर लागत होतं १/३२००० च्या आसपास, आणि तुझ्या बॉडीचं (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचं) शटर १/४००० च्या पुढे जातच नाही. म्हणजे कॅमेरा बिचारा शेवटच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता, डोळा लावतोस त्या व्ह्यूफाइंडरमध्ये आकडा लुकलुकत असणार, तू बघितला नाहीस. तीन स्टॉप जास्त उजेड आत गेला, एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तीन स्टॉप म्हणजे आठपट. चेहरे कुठून दिसणार.

पुढच्या वेळी आयएसओ २००, एफ ८, शटर १/८०० च्या आसपास, हे गडावर चढायच्या आधी लावून टाक. एफ ८ का, तर हवेत भंडारा असला की ऑटोफोकस वेडा होतो, समोरच्या धुरळ्यावरच जाऊन बसतो, त्यामुळे एखाद्या पायरीवरच्या माणसावर फोकस करून ठेवायचा आणि मग फोकसला हात लावायचा नाही, एफ ८ वर पुढचं मागचं बरंच सांभाळून घेतलं जातं. १/८०० ला भंडाऱ्याचा कण न् कण थांबतो, आणि १/२०० ला त्याचा मऊ ढग होतो, मला स्वतःला ढग जास्त आवडतो पण ते ज्याचं त्याचं (उजेड तेवढाच ठेवायला मग आयएसओ १०० कर आणि ॲपर्चर एफ ११ च्या जवळ ने). ऊन पाठीवर घेऊ नकोस. सूर्य उधळणाऱ्याच्या मागे येईल असा उभा राहा, भंडारा आतून पेटल्यासारखा दिसतो. उन्हाच्या दिशेने उभा असलास की आकडे थोडे बदलतील, तेव्हा एकदोन फोटो काढून बघून घे.

अजून एक, पिवळा हा फसवा रंग आहे. एकूण फोटो बरोबर वाटतो पण लाल चॅनेल आधीच भरून गेलेला असतो आणि मग हळदीच्या ऐवजी प्लास्टिकचा पिवळा येतो, त्यामुळे नुसता पांढरा हिस्टोग्राम (कॅमेरा दाखवतो तो उजेडाचा आलेख) बघू नकोस, तिन्ही रंगांचा वेगळा बघ, लाल उजव्या भिंतीला टेकला असेल तर अर्धा-पाऊण स्टॉप खाली ये. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा तोल, ऑटोवर नको, तो एवढा पिवळा बघून घाबरतो आणि निळं ओततो. डेलाइटला ठेव.

आता करकर. झूम फिरवताना लेन्स लांब होते तेव्हा ती हवा आत ओढते, पिचकारीसारखी, आणि हवेत काय होतं ते तुला माहितीच आहे. आता ती फिरवूच नकोस. हातातल्या ब्लोअरने बाहेरून फुंक मार, मऊ ब्रशने सांध्यातली पूड काढ, ओला फडका अजिबात नाही, ओली हळद म्हणजे पेस्ट. तरी आवाज आला तर दुरुस्तीवाल्याकडे, किट लेन्सच्या दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घे, कधीकधी तेवढ्यात जुनी दुसरी येते. ग्रिपच्या रबरावर पिवळे डाग पडले असतील त्यांचं टेन्शन घेऊ नको, हळदीचा रंग उन्हात उडतो, आई-आजीला विचार, साडीवरचे डाग त्या उन्हातच घालवतात. (बॉडी उन्हात ठेवताना लेन्स काढून कॅप लावून ठेव, आणि तासभर बास, पापड नाही वाळवायचे.) पुढच्या सोमवतीला घरातली शॉवर कॅप नाहीतर क्लिंग फिल्म गुंडाळून जा, पुढे एक साधा फिल्टर, आणि गडावर लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही.

प्रश्न : मी ५८ वर्षांची गृहिणी. नातवाचे फोटो मोबाईलवर काढते. घरात काढले की दिव्यांना लांब लांब रेषा येतात आणि सगळं धुरकट. शिवाय नातवाचं नाक मोठं दिसतं, सुनेला वाटतं मी मुद्दाम काढते. मोबाईल बदलावा का? (सांगली)

उत्तर : काकू, मागच्या बाजूची काच पुसा. सुती पदराने. पोळ्या करता करता फोन उचलला असणार, तेलाचं बोट लागलं की दिव्याला रेषा येतातच. आणि नाकाचं असं आहे की मोबाईलचा मुख्य कॅमेरा बराच रुंद बघतो, त्यामुळे अगदी जवळ गेलं की जे पुढे असतं ते फुगतं, नाक पुढे असतं. चार पावलं मागे जा, २एक्सचं बटण दाबा आणि मग काढा. मोबाईल चांगला आहे तुमचा, बदलू नका, सुनेला हा अंक दाखवा.

प्रश्न : लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी आलंय. टॉर्च मारला की दिसतं. फोटो जरा धूसर येतात, उन्हाकडे धरला की जास्तच. लेन्स कपाटात व्यवस्थित ठेवलेली असते, कपड्यांच्या घड्यांमध्ये, वर डांबरगोळ्या पण टाकल्यात. एकाने तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलंय. (चिपळूण)

उत्तर : ही बुरशी आहे, आणि चिपळूणचा पावसाळा म्हणल्यावर मला नवल वाटत नाही. तुमच्या पत्रातल्या चारही गोष्टी, कपाट, कपडे, डांबरगोळ्या आणि तांदूळ, लेन्सच्या वाईटावर आहेत. मी पण हेच केलं होतं एकेकाळी म्हणून हक्काने सांगतोय. माझी एक टेलिफोटो, लांबचं जवळ आणणारी लेन्स, जूनमध्ये लाकडी कपाटात गेली ती गणपतीला बाहेर आली, आणि तोवर आतल्या दोन काचांवर सुंदर नक्षी झाली होती, अगदी रांगोळी. कोणाला दोष देणार, कपाट माझं, कुलूप माझं.

होतं काय, की बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, लेन्समध्ये पण असतात, ते टाळता येत नाही. त्यांना वाढायला दमट हवा, अंधार आणि न हलणारी जागा लागते. हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ६० टक्क्यांच्या वर राहिली की त्यांचं फावतं, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती घरात सुद्धा त्याच्या बरीच वर असते. कपडे ओल धरून ठेवतात. लेन्सबरोबर येणारी चामड्याची नाहीतर कापडी पिशवी पण ओल धरते, ती प्रवासापुरती. डांबरगोळ्या आणि कापूर यांची वाफ काचेला आणि आतल्या भागांना चांगली नाही, कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत पण यांच्याजवळ ठेवू नका असं छापलेलं असतं, पण ती पुस्तिका कोण वाचतं. तांदळाचं म्हणाल तर तांदूळ ओल फार कमी ओढतो आणि त्याची पिठूळ धूळ मात्र झूमच्या सांध्यात जाते. तांदूळ शिजवायचा.

काय करायचं तर रबरी रिंगवाला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, डाळीसाठी घेतो तसलाच. त्यात सिलिका जेल, आणि एक छोटं आर्द्रता दाखवणारं मीटर, हे मीटर काही फार महाग नसतं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्याच्याशिवाय आपण अंदाजपंचे खेळतो. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. फार खाली, ३० च्या खाली पण नको, आतलं वंगण सुकतं म्हणतात. सिलिकाचे रंगीत दाणे येतात, निळे असतील तर ओल पिऊन गुलाबी होतात, मग मंद आचेवर तव्यात परतले की परत निळे. पण तो तवा परत भाकरीला वापरू नका, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. केशरी दाणे मिळाले तर ते घ्या. लेन्स जास्त असतील आणि खिसा परवानगी देत असेल तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, कोकणात राहणाऱ्याने दुसरी लेन्स घेण्याआधी ते घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, लोकांना पटत नाही कारण कपाट गळ्यात घालून मिरवता येत नाही.

आणि सगळ्यात फुकटचा उपाय, लेन्स वापरा. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, उजेड दाखवा, रिंगा फिरवा. आत्ता जी बुरशी आहे ती दुरुस्तीवाला लेन्स उघडून साफ करेल, पण लवकर द्या. बरेच दिवस राहिली की ती काचेवरचं कोटिंग खाते आणि मग जाळं निघालं तरी त्याचा ठसा राहतो. स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका, यूट्यूबवर सोपं दिसतं.

प्रश्न : सेकंडहँड निकॉन डी५३०० घेतला आणि एका मित्राकडून ५० एमएम १.८ डी लेन्स. सगळे पोर्ट्रेट आउट ऑफ फोकस. मित्र म्हणतो त्याच्याकडे झकास चालायची. कॅमेऱ्यात फॉल्ट आहे का? (नाशिक)

उत्तर : मित्र खोटं बोलत नाहीये आणि कॅमेरा पण बरा आहे. तुमचं लग्नच चुकीचं जुळलंय. निकॉनच्या जुन्या डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीतून फिरवली जाते, आणि डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत ती मोटर कंपनीने ठेवलेली नाही. मित्राची बॉडी वरच्या मालिकेतली असणार. या एका गोष्टीवर दरवर्षी मला पाचसहा पत्रं येतात. लेन्सच्या नावात एएफ-एस (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं बघून घ्यायचं. तुमच्या बॉडीला ३५ एमएम १.८ जी डीएक्स उत्तम, कारण सेन्सर (आतली उजेड टिपणारी चिप) लहान असल्यामुळे दीडपट धरायचं, ५० चं ७५ होतं आणि घरातल्या खोलीत पाठ भिंतीला टेकते, ३५ चं साधारण ५२ होतं.

पण ती डी लेन्स विकायच्या आधी महिनाभर हाताने फोकस करून बघा. ॲपर्चरची रिंग २२ वर नेऊन लॉक करा नाहीतर एरर येईल, फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवा, रिंग हळू फिरवा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे हिरवा ठिपका स्थिर झाला की दाबा. एफ १.८ वर नाही, एफ २.८ वर. आजीआजोबा बसलेले असतात, त्यांच्यावर शिका, लहान पोरांवर नको.

आणि ज्यांना सेकंडहँड घ्यायचाय त्या सगळ्यांसाठी, मुंबईत बोरा बाजारात जा नाहीतर ओळखीतून घ्या, चार गोष्टी बघा. टॉर्च लेन्समधून मारून वरच्या प्रश्नातलं जाळं. एफ १६ ला कोऱ्या आभाळाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग. सगळ्या बटणांवर एकदा बोट. आणि शटर किती वेळा पडलंय तो आकडा, निकॉनमध्ये तो फोटोच्या माहितीतच असतो, कॅननमध्ये तसा सरळ मिळत नाही. साध्या बॉडीचं शटर १ लाखाला रेट केलेलं असतं, म्हणजे १ लाख १ ला पडेल असं नाही, पण लग्नाच्या ऑर्डरी मारलेला कॅमेरा आणि वर्षातून दोनदा महाबळेश्वरला गेलेला कॅमेरा यांच्यातला फरक त्याने कळतो. विकणारा नेहमी म्हणतो घरगुती वापरलाय.

प्रश्न : विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर फोटो काढले, मिररलेस आहे. प्रत्येक फोटोत आडवे काळे पट्टे. मागे एलईडीची भिंत होती. (पुणे)

उत्तर : शटर १/२०००, सायलेंट मोड चालू. इथेच उत्तर आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण सायलेंट शटर सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी दिवा तेजीत असताना वाचल्या जातात आणि काही मंदीत. मेकॅनिकल शटर लावा, १/१०० किंवा १/५० ला या, अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. एलईडी भिंतीचं गणित कधीकधी वेगळंच असतं, तिथे शटर थोडं थोडं बदलत स्क्रीनवर बघत जायचं. १/१०० ला टिपरू हलतं येईल, येऊ दे, ढोल वाजतोय असं वाटायला टिपरू हललेलंच पाहिजे, चेहरा स्थिर पकडा.

एक मात्र गंभीरपणे सांगतो, लेझरवाल्या गाडीच्या समोर कॅमेरा धरू नका. थेट किरण लेन्समधून आत गेला तर सेन्सरवर कायमची रेष उमटू शकते, आणि डोळ्याचं तर त्याहून वाईट.

प्रश्न : चार वर्षं झाली फोटोग्राफी करतोय. १५०-६०० ची लांबची लेन्स घेतली, ताडोबाला तीनदा गेलो, वाघ पण मिळाला. पण माझे फोटो आणि बाकीच्यांचे फोटो समोर ठेवले तर माझे कुठले ते मलाच ओळखता येणार नाहीत. फसलेला म्हणून एक पाठवतोय, पण खरं तर सगळेच फसलेत असं वाटतंय. पुढे जायला फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेऊ का? (नागपूर)

उत्तर : हे पत्र मी दोनदा वाचलं. आधी फसलेल्या फोटोचं उरकून घेतो. ६०० एमएम, शटर १/३२०, जिप्सीचं इंजिन चालू. लेन्समधला स्टॅबिलायझर हाताची थरथर सांभाळतो, इंजिनची नाही आणि वाघाची तर नाहीच. चालकाला इंजिन बंद करायला सांगा, शटर १/१००० च्या वर न्या, आणि जिप्सीच्या कडेवर बीन बॅग टाका, तिच्यात तांदूळ भरतात. हो, इथे तांदूळ चालतो.

आता दुसरं. तुम्ही बारा फोटो पाठवलेत, मी त्यांची माहिती एका खाली एक लिहून काढली. बाराच्या बारा ६०० एमएमवर, सगळे सकाळी साडेसहा ते आठ, सगळे जिप्सीच्या उंचीवरून, सगळ्यात वाघाचं डोकं मधोमध. तुमच्या पुढच्या-मागच्या जिप्सीत जे बसले होते त्यांच्याकडे पण तीच लेन्स, तीच उंची, तोच वाघ. मग फोटो वेगळा कुठून येईल, तुम्ही काही वाईट काढत नाही. लाइटरूम (फोटो लावून ठेवायचं, सुधारायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यातला मेटाडेटा, म्हणजे फोटोच्या पोटातल्या माहितीचा, फिल्टर लावून चार वर्षांचे सगळे फोटो फोकल लेन्थप्रमाणे लावून बघा, आपल्याला आपली सवय दिसत नाही, आकड्यात दिसते. मी माझे लावले होते तेव्हा कळलं की मी माणसांचे फोटो काढताना कधी तीन मीटरच्या आत गेलेलोच नाही. लाजाळू आहे मी, आणि लेन्सला दोष देत होतो.

फुल फ्रेम नका घेऊ. तेवढ्या पैशातला अगदी थोडा भाग काढा आणि वर्षभर तुमच्या नागपुरातल्या कळमन्याच्या घाऊक बाजारात जा. ताडोबा वर्षातून एकदा होतो, कळमना दर रविवारी होऊ शकतो. संत्र्याचा सीझन असताना पहाटे जा, नसताना पण जा. एकच लेन्स, ३५ किंवा ५०, झूम घरी. पहिले चार रविवार फोटो अगदी रद्दी येतील, लोक पोझ देतील, दोन बोटं दाखवतील. पाचव्या रविवारी त्यांना तुमचा कंटाळा येईल आणि मग खरं काम सुरू होतं. ज्याचा फोटो काढलात त्याला पुढच्या वेळी ४ बाय ६ ची प्रिंट नेऊन द्या, हा माझा नियमच आहे, फुकटात माणसाचा चेहरा घ्यायचा नाही, आणि एकदा प्रिंट दिली की तो हमाल स्वतःहून सांगतो की आत चला, गोदामात उजेड चांगला पडतो. त्याला उजेडातलं जास्त कळतं, तो तिथे रोज असतो.

सुधारक ओलवे यांचं काम बघा, मुंबईच्या सफाई कामगारांवरचं. वर्तमानपत्रात फोटोग्राफर होते, पण त्या कामगारांकडे ते वर्षानुवर्षं परत परत गेले, २०१६ ला पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत कुठली लेन्स होती हे विचारायचं मनातच येत नाही.

तीन महिने झाले की चाळीस फोटोंच्या प्रिंट काढा, घरात फरशीवर पसरा, आणि फोटोग्राफी न कळणाऱ्या माणसाला, बायकोला, शेजारच्या काकांना, दहा उचलायला सांगा. काही बोलू नका, हा कसा काढला ते सांगू नका. ते जे दहा उचलतील त्यात तुमचा लाडका बहुतेक नसेल. ते दहा मला पाठवा. वाघ पण पाठवा एखादा, पण त्याच्या डोक्याच्या आजूबाजूला थोडं जंगल ठेवा.

प्रश्न : इकडे बर्फ पडला, सगळे फोटो करडे येतात. कॅमेरा नवीन आहे. (टोरोंटो)

उत्तर : कॅमेऱ्याला बर्फ माहीत नाही. समोर काहीही आलं तरी ते मध्यम करडं असणार असं धरून तो चालतो, एवढं पांढरं बघितलं की उजेड कमी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमीजास्त करायचं +/- बटण) +१ ते +१.७ करा. गावी आलात की परत शून्यावर आणायला विसरू नका, आणि गोठ्यात फोटो काढणार असाल तर उलटं, -१, नाहीतर म्हैस पण करडीच येईल.